आधी धाकटीने बोलावे

दुसऱ्याला तुच्छ लेखणे हे पाप आहे की नाही, याविषयी शास्त्रवेत्त्यांत मतभेद असू शकेल. ती एक मोठी सोय आहे, याविषयी मात्र नसावा. इतरांच्या उणिवा पाहण्यात गुंतलेल्या माणसाला स्वतःच्या उणिवेकडे पाठ करून निश्चिंत बसता येते. शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सारे खाते नुसते ‘बाई’ म्हणत असे, या सोयीला इतक्या सरावल्या होत्या की त्यांना ती आपली विद्वत्ताच वाटे. त्यांची तपश्चर्या खरी होती आणि त्यांचे असत्यही खरे होते. दोन्ही एकाच देहात नांदत होती, आणि तो देह रोज सकाळी वेळेवर कामावर येत होता.

प्रसंग तसा क्षुल्लकच घडला. सकाळची ‘चव’ चालली होती. चव हा प्रयोगशाळेचा नित्यविधी. शुद्ध झालेल्या पाण्याचा नमुना काचेच्या बुचाच्या चंबूत घ्यायचा, कोमट करायचा, हलवायचा, बूच काढताक्षणी हुंगायचा, मग घोटभर तोंडात धरून थुंकायचा. आणि हे सारे चेहऱ्यावर रेघही न हलू देता. सगळ्यांचे झाल्यावरच बोलायचे, तेही आधी धाकट्याने, शेवटी वडीलधाऱ्याने. हा क्रम बाईंनीच घालून दिला होता. त्यांच्या आधीचे प्रमुख चंबू नाकाशी नेऊन “वाहवा!” म्हणत, आणि मग शिपायापर्यंत सगळे “वाहवा!” म्हणत, त्या काळात शहराने काय काय प्यायले असेल ते देव जाणे. थोरांच्या मताने धाकट्यांची जीभ बाटू नये म्हणून बाईंनी आपली पाळी शेवटी ठेवली, आणि या निःस्पृहतेबद्दल त्यांची वाखाणणी झाली. त्या सकाळी दोघीच होत्या. सहायक रसायनतज्ज्ञ, जिची अखंड बडबड ऐकून बाईंनी तिला मनात ‘चिमणी’ असे नाव ठेवले होते आणि जी बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परतली होती, ती आधी बोलली. “मातकट लागतंय बाई. थोडं शेवाळी.” बाईंनी डोळे मिटून क्षणभर मान हलवली. “मातकट आहेच. पण मागून लोखंडाची छटा येते, ती तुला सापडली नाही. सापडेल, वेळ लागतो.” बाईंनी डोळे उघडले तेव्हा ती त्यांच्याकडे नव्हे, ओट्याकडे पाहत होती. ओट्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन उघडा होता, त्याच्या तोंडातले नरसाळे अजून ओले होते, आणि नमुन्याची खरी बाटली सील न फोडता बाजूला उभी होती. ज्या पाण्यात काहीच नसते, मीठ नाही, माती नाही, शेवाळ नाही, लोखंड तर नाहीच नाही, अशा पाण्यात बाईंना छटा सापडली होती. “हो बाई,” एवढेच म्हणून चिमणीने चंबू विसळायला घेतला.

बाई आपल्या खोलीत येऊन बसल्या आणि पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे चिमणीचा तिरस्कार. तो त्यांना सहज जमला. आगाऊ पोरगी. दिवसभर फोनवर घरच्या सासूशी बाळाच्या शी-शूची चर्चा करते, पेनाची टोपणे चावते, बदलीचे अर्ज करते आणि मागेही घेते. मग त्यांनी खात्याकडे मोर्चा वळवला, कारण एकट्या चिमणीने भागण्यासारखे नव्हते. खात्यात त्या दिवसांत सुधारणांचे वारे शिरले होते. विटांच्या जुन्या गाळणी टाक्या पाडून काँक्रीटच्या नव्या उभ्या राहिल्या होत्या. पंपघरात पूर्वी कान लावून यंत्राची तब्येत ओळखणारी माणसे असत; आता भिंतीवर हिरवे आकडे लुकलुकत आणि त्यांच्याखाली माणसे फोनवर पत्ते खेळत. पूर्वेकडच्या वसाहतीला, जी आजवर टँकरच्या शिट्टीवर उठत-बसत होती, नवी जलवाहिनी टाकली गेली होती आणि तिचे उद्घाटन दोन दिवसांवर आले होते. या सगळ्याचे वर्णन खात्याच्या मासिक पत्रिकेत गुळगुळीत कागदावर छापून आले होते. पत्रिका काढणारा जनसंपर्कातला गृहस्थ, बाई ज्याला ‘बातमीबुवा’ म्हणत, त्याची लेखणी अशी होती की गटार तुंबल्याची बातमीही तो ‘प्रवाहाचा गौरवशाली विराम’ म्हणून लिहील. पहिल्या पानावर सुधारणा, शेवटच्या पानावर कर्मचारीवृत्त: अमुक यांची बढती, तमुक यांची बदली, लेखा शाखेतील गृहस्थांच्या चिरंजिवांना कॅरममध्ये ढाल. आणि या वेळी त्याच पानावर, चौकटीत, बाईंचा फोटो. निवृत्तीनंतरही बाईंनाच नव्या प्रयोगशाळेत ‘मुख्य जलपरीक्षक’ म्हणून ठेवून घेण्यात येत आहे. शहराचे नाक, असे त्याने खाली लिहिले होते. खात्याची परंपरा अशी की नव्या वाहिनीतला पहिला पेला प्रयोगशाळाप्रमुखाने लोकांसमोर प्यायचा आणि “पाणी चांगलं आहे” असे म्हणायचे. त्याशिवाय घरांकडचा व्हॉल्व्ह उघडत नाहीत. परवा तो पेला बाईंच्या हातात येणार होता.

नाक. त्या शब्दावर बाईंचे बोट थबकले. वडील पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवीत. ते म्हणत, गंध हा पृथ्वीचा गुण, पाण्याचा गुण रस. पाण्याला वास आला की समजावे, कुणी परका आत शिरला आहे. लहानपणी बाईंनी हे वाक्य इतर मुली पाढे घोकतात तसे घोकले होते, आणि पुढे साऱ्या आयुष्याचे काम त्यावर उभे केले होते. एकदा भर उन्हाळ्यात त्यांनी अर्ध्या शहराचे पाणी बंद करायला लावले होते. अभियंते हसले होते. सगळ्या तपासण्या ठीक असताना ही बाई म्हणते रॉकेल आहे! उपसा विहिरीच्या वरच्या अंगाला कलंडलेला टँकर सापडला तेव्हा हसणे थांबले. त्या दिवशी बाईंच्या मनात काहीतरी ताठ उभे राहिले आणि पुन्हा कधी बसले नाही. ज्यांना वास येत नाही अशा माणसांचे जग त्यांना त्या दिवसापासून अर्धवट, बोथट, दयनीय वाटू लागले. कुणी अत्तर लावून आले की त्या खिडकी उघडत. लिफ्टमध्ये कुणाच्या कॉलरवरून कालच्या घामाचा वास आला की तो माणूस किती वर्षे नोकरीत टिकेल हे त्या मनात ठरवून टाकीत. आणि मग गेल्या हिवाळ्यात तापाने त्या अंथरुणाला खिळल्या; उठल्या तेव्हा साबणाला वास नव्हता. प्रथम वाटले, साबण वाईट आहे. दुसरा आणला. तोही वाईट. कंपन्या हल्ली वाट्टेल ते विकतात, असे त्या नवऱ्याला म्हणाल्या. महिन्याभराने कळले की नवऱ्याच्या मानेला वास नाही, उशीला नाही, भिजलेल्या मातीला नाही. आणि जग नव्हे, आपणच कुठेतरी बाहेर ठेवले गेलो आहोत.

त्या बोलल्या नाहीत. डॉक्टरकडे गेल्या त्या दुसऱ्या भागातल्या, जिथे कुणी ओळखणार नाही. त्याने नाकात दिवा धरून पाहिले आणि “येईल, न येईल, सांगता येत नाही,” असे म्हटले. त्याच्या मूर्खपणाचाही त्यांनी यथासांग तिरस्कार केला. प्रयोगशाळेत मात्र काही अडले नाही. आधी धाकटे बोलत. ते बोलले की बाई त्यात आपली एक छटा मिसळीत, कधी लोखंडाची, कधी लाकडाची, आणि धाकटे खजील होऊन मान डोलावीत. सत्य टिकावे म्हणून बांधलेल्या ओसरीत असत्य सुखाने राहत होते. बाईंना हे रोज सकाळी कळे आणि रोज सकाळी त्या ते गिळत. गिळणे सोपे होते, कारण त्यालाही चव नव्हती.

संध्याकाळी घरी गेल्या तर दार उघडेच होते, खिडक्या उघड्या होत्या आणि पंखे फुल्ल. बाई आत येऊन खुर्चीत बसल्या, चपला काढल्या, पत्रिका टेबलावर टाकली. नवरा स्वयंपाकघराच्या दारात हातात काळे पातेले घेऊन उभा होता. तो शाळेतून निवृत्त झालेला चित्रकलेचा मास्तर. घर आता त्याच्याकडे होते.

“काही जाणवतंय का?” त्याने विचारले.

“काय जाणवायचंय? पंखे कशाला लावलेत सगळे, वीज काय फुकट मिळते?”

“दूध करपलं. अख्ख्या जिन्यात वास भरलाय. खालच्या वहिनी वर येऊन विचारून गेल्या, काही जळतंय का म्हणून.” तो पातेले ठेवून त्यांच्यासमोर बसला. “तू त्याच वासातून वर आलीस ना?”

“डोक्यात काम होतं.”

“तुझ्या डोक्यात काम असताना तू माझ्या शर्टावरचा रंग ओळखायचीस. टर्पेंटाइन की जवसाचं तेल, सांगायचीस.”

“तुम्ही आता रंगवता कुठे?”

“रंगवतो. गेले चार महिने, मागच्या खोलीत, रोज.” तो हसला नाही. “वाट पाहत होतो, तू कधी ओरडतेस.”

बाईंच्या ओठांवर उत्तर आले होते, धारदार आणि तयार. मास्तरांची चित्रे वासासकट लपून राहिलेली बरी, असे काहीसे. ते त्यांनी उच्चारले नाही. पण मागेही घेतले नाही. ते जिभेवर राहिले, आणि रात्रभर बाईंना वाटत राहिले की आपण तोंडात एक खडा धरून झोपलो आहोत. नवऱ्याला माहीत होते. चार महिने माहीत होते आणि तो गप्प राहिला होता, घरात कुणी आजारी असले म्हणजे पावले हळू टाकतात तसा. त्यांना त्याची दया नको होती. दया ही खालून वर पाठवायची वस्तू नाही, असे त्यांचे मत होते.

दुसऱ्या दिवशी बातमीबुवा दारात उगवला. “बाई, उद्घाटनाच्या विशेषांकासाठी एक वाक्य द्या ना. पाण्याविषयी. काव्यात्मक.”

“पाणी प्या.”

“एवढंच?”

“तुमच्या वाचकांना एवढंच झेपेल.”

तो खळखळून हसला आणि ते लिहूनही घेतले. तो निघून गेल्यावर बाई उठल्या आणि नव्या गाळणी टाकीच्या कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली वाळूच्या थरावर पाणी इतके स्थिर होते की ते आहे हे केवळ आभाळामुळे कळत होते. थोड्या वेळाने मागून चिमणीच्या चपलांचा आवाज आला.

“काल चुकून ठेवलंस का तू ते पाणी?” बाईंनी मागे न वळता विचारले.

“नाही. मुद्दाम ठेवलं.” चिमणीचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “रजेवरून आल्यापासून बघतेय. तुम्ही माझंच वाक्य घेता आणि त्याला शेपूट लावता. मला खात्री करायची होती.”

“झाली?”

“झाली.”

“मग वर कळवलं नाहीस. का? मोठ्या मनाची आहेस म्हणून?”

“छे! मला काय मिळणार कळवून? तुमची खुर्ची? तिचा एक पाय तुम्ही पुठ्ठा घालून सरळ केलाय, मी पाहिलंय.” ती हसली, मग थांबली. “राग खूप आला बाई. मी इथे आले तेव्हा तुम्ही मला तीन आठवडे नुसतं थुंकायला शिकवलंत. लोक हसायचे. मी म्हटलं, या बाईला सगळं कळतं, हिच्याकडून शिकू. आणि तुम्ही... मला वाटलं, तुम्ही स्वतः तोंडानं सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मग उद्या पेला तुम्हीच प्यायचाय.” आणि ती वळून निघून गेली. तिच्या खांद्यावर बाळाच्या दुधाचा वाळलेला डाग होता. याला वास येत असणार, असे बाईंना वाटले. कसा, ते त्यांनी पुष्कळ आठवून पाहिले. शब्द आठवले. आंबट, कोमट, थोडे गोड. शब्द आठवत होते आणि त्यांच्यामागे काहीच उभे नव्हते. पोरीने धमकी दिली की संधी, हे त्यांना ठरवता येईना, आणि दोन्ही बाजूंनी तिचा तिरस्कार करण्याची त्यांची खटपट प्रथमच तोकडी पडली.

उद्घाटनाच्या सकाळी वसाहतीच्या टोकाला मांडव घातला होता. कार्यकारी अभियंते, जे खात्यात ‘फीतकापे साहेब’ म्हणून ओळखले जात कारण त्यांच्या कारकिर्दीत पाण्यापेक्षा फीत जास्त लागली असे लोक म्हणत, घामाने डबडबून इकडून तिकडे पळत होते. पाहुण्यांची तारीख हुकू नये म्हणून वाहिनीच्या आतला रोगणाचा लेप वाळायला हवा तितका वाळू दिला नव्हता, आणि ती धुण्याचे कामही काल रात्रीच उरकले होते, हे बाईंना तिथे आल्यावर कळले. “नमुना प्रयोगशाळेत का आला नाही?” त्यांनी विचारले. “अहो बाई, तुम्ही स्वतः पिणार आहात, आणखी कसली परीक्षा?” साहेब म्हणाले. “गेजवर सगळं हिरवं आहे. गढूळपणा नाही, क्लोरीन बरोबर.” बाईंना ठाऊक होते की कच्च्या रोगणाला गेज ओळखत नाही, त्याला नाकच लागते. मांडवापलीकडे वसाहतीतल्या बायका घागरी, बादल्या, तेलाचे रिकामे डबे रांगेत मांडून उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी दुसरीला म्हणत होती, “आधी हे लोक भाषण पितील, मग आपल्याला पाणी.” आज व्हॉल्व्ह उघडला की ते पाणी या भांड्यांत जाणार होते, आणि बाळांच्या दुधात.

पेला आला. तबक चिमणीच्या हातात होते. पेला भरताना चिमणीचे नाक त्याच्यावर झुकले असणारच. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी त्या चेहऱ्याकडे इतक्या आर्ततेने पाहिले. आणि चेहरा कोरा होता. भुवई नाही, ओठ नाही, नाकपुडी नाही. बाईंनीच शिकवल्याप्रमाणे रेघही हलली नव्हती. चोरायला काही नव्हते. मांडव शांत झाला. बाईंनी पेला नाकाशी नेला. आत थंड हवा होती, फक्त थंड. घोट घेतला. ओलेपणा होता. कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कीर्तीएवढा लांब असा तो एक क्षण होता आणि त्यात त्यांच्या मनात विचार आला तो अगदी हलका होता: “पाणी चांगलं आहे” हे तीनच शब्द आहेत, आणि बहुधा ते खरेही असतील.

“मला यातलं काही कळत नाही,” बाई म्हणाल्या. “हिला विचारा.”

फीतकापे साहेबांनी ध्वनिक्षेपकाकडे झेप घेतली. “पाहा, पाहा! याला म्हणतात विनय! एवढा अधिकार, आणि श्रेय नव्या पिढीला!” मांडवात टाळ्या उसळल्या. बातमीबुवा लिहून घेत होता. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाईंना वाटले, आपण विहिरीत पडलो आहोत आणि काठावरचे लोक आपल्या पोहण्याचे कौतुक करीत आहेत. किती सोपे होते आता! खाली बसले की झाले. खोटेपणा स्वतः हात धरून त्यांना खुर्चीकडे नेत होता, आणि त्याच्या गळ्यात विनयाचा हार होता.

त्यांनी साहेबांच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. “विनय नाही. माझं नाक मेलंय. गेल्या हिवाळ्यापासून. मला वास येत नाही, चव येत नाही. रोज सकाळी मी हिचं मत चोरत होते.” टाळ्या अर्ध्यावर लोंबकळल्या. “आता गप्प बसा आणि ती काय म्हणते ते ऐका.”

चिमणीने पेला घेतला. हुंगला, घोट तोंडात धरला, आणि कुठे थुंकावे हे न कळून पाहुण्यांच्या फुलांच्या कुंडीत थुंकली. “रोगण आहे,” ती म्हणाली. “कच्चं. व्हॉल्व्ह उघडू नका.”

“थोडंसं असेल ना? लोक उकळून घेतील,” साहेब पुटपुटले.

“उकळल्यावर आणखी सुटेल साहेब. मी माझ्या मुलाला हे देणार नाही. तुम्ही तुमच्या नातवाला द्याल का?”

व्हॉल्व्ह उघडला नाही. रांगेतल्या बायकांनी प्रथम साहेबांना, मग पाहुण्यांना, मग चिमणीला आणि शेवटी बाईंना मनसोक्त शिव्या दिल्या, आणि रिकाम्या घागरी घेऊन त्या टँकरची वाट पाहायला परत गेल्या. “नाक मेलं म्हणे,” ती म्हातारी जाताना शेजारणीचा हात धरून बाईंसमोर थांबली आणि म्हणाली, “माझे डोळे गेले तेव्हा मी आठवड्यात सुनेला सांगितलं. शिकलेल्या बायकांना वेळ लागतो.” आतला लेप पुरता वाळावा म्हणून वाहिनी तापवली, पुन्हा धुतली, ते पाणी ओढ्याला सोडले, आणि पुढे एका साध्या दुपारी, कुणालाही न बोलावता, चिमणीने हुंगून होकार दिल्यावर वसाहतीचा व्हॉल्व्ह उघडला. पत्रिकेने ‘तांत्रिक कारणास्तव’ असे छापले आणि कर्मचारीवृत्तात बाईंची नवी नेमणूक ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ रद्द झाल्याची ओळ दिली. मुख्य जलपरीक्षकाची जागा चिमणीलाही मिळाली नाही; ती साहेबांच्या एका भाच्याला मिळाली, ज्याला सतत सर्दी असते. बाईंना या बातमीने इतके हसू आले की डोळ्यांत पाणी आले, आणि त्यांनी भाच्याचा, साहेबांचा आणि बातमीबुवाचा पुन्हा एकदा जुन्या जोमाने तिरस्कार केला. तो काही कमी झाला नव्हता. फक्त त्याच्याआड आता लपायला काही नव्हते, म्हणून तो थोडा मोकळा वाटत होता, उघड्या अंगणातल्या उन्हासारखा. निवृत्तीपर्यंतचे दिवस त्या चिमणीला वास ओळखायला शिकवीत राहिल्या, शब्दांनी. आणि चिमणी त्यांना सांगत राहिली की कुठला शब्द बरोबर बसतो आणि कुठला नाही. संध्याकाळी नवरा मागच्या खोलीचे दार उघडे ठेवून रंगवू लागला. त्या तिथे स्टूल घेऊन बसत आणि चित्राला नावे ठेवीत.

पूर्वेकडच्या त्या वसाहतीत कुणाचे भांडे रिते राहू नये. त्या म्हातारीला सून चांगली मिळाली असो. चिमणीचे लेकरू निरोगी वाढो, आणि तिला खरे बोलायचा प्रसंग येईल तेव्हा शेजारी कुणीतरी उभे असो. ज्यांनी नको ते छापले आणि नको ती फीत कापली त्यांनाही सुबुद्धी होवो, उशिरा का होईना. आणि बाईंना रात्री शांत झोप लागो.